कोरियन भाषा-साहित्यात एमए करायचंय: टोपिकच्या पुढे नक्की काय काय मागतात?

ओवी_मिरज

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

इंग्रजी साहित्यात बीए झालंय, सध्या पुण्यात एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. कोरियन शिकायला लागले ते अर्थातच मालिका बघून. आता मालिका सुटल्या, भाषा राहिली. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची लेव्हल ४ (सहापैकी) मिळालीय. सोलमध्ये जाऊन कोरियन भाषा आणि साहित्य या विषयात एमए करायचं डोक्यात आहे.

विद्यापीठांच्या साइट वाचल्या तर सगळीकडे तेच: पदवी, टोपिक ३ किंवा ४, शिफारसपत्रं, अभ्यासाचा आराखडा. बस? मला प्रवेशाचं नको आहे, ते फॉर्मवर लिहिलेलं असतं. आत गेल्यावर पदवी हातात पडेपर्यंत काय काय पार करावं लागतं ते हवंय. क्रेडिट किती, परीक्षा कुठल्या, प्रबंध कोरियनमध्येच लिहायचा का, आणि बीए दुसऱ्याच विषयातलं असलं तर चालतं का. कुणी केलंय का हे?

घरी अजून बोललेले नाही. त्यामुळे 'घरच्यांशी बोल' सोडून बाकी सगळे सल्ले चालतील.

झुरळ्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. किमचीही चालेल.

शिरीष_पेठेकर

बाळ, रागावू नकोस. पण मराठी साहित्यात एमए केलेली आमची पिढी काय काय करून पोट भरते ते मला माहीत आहे. तू तेच परक्या भाषेत, परक्या देशात, पदरचे पैसे घालून करणार. भाषा येते ना? मग एखाद्या कोरियन कंपनीत दुभाषी हो, पैसे कमव आणि साहित्य रविवारी वाच.

अबोली

काका, 'रविवारी वाच' वर मी भांडणार होते, पण दमलेय. उद्या येते.

रांजणगावकर

दुभाषी मीच. पुणे-नगर रोडवर कोरियन कंपनीत आहे. पेठेकर काका अर्धे बरोबर आहेत. आमच्याकडे एमए कुणी विचारत नाही. टोपिक ५ किंवा ६ असेल तर मुलाखतीला बोलावतात आणि मग शॉपफ्लोअरवर उभं करतात. कोरियन मॅनेजर मशीनकडे बोट दाखवून भराभर बोलतो, समोर लाइनचा सुपरवायझर, आणि मधे तुम्ही. तिथं कविता कामाला येत नाही, 'टॉर्क कमी पडतोय' हे कोरियनमध्ये आलं पाहिजे. त्यात मॅनेजर बुसानकडचा असला तर वर्गात शिकलेलं निम्मं गुंडाळून ठेवायचं.

तळेगावात ह्युंदाईनं जनरल मोटर्सचा प्लांट घेतलाय, माणगावजवळ विळे भागाडला पॉस्को आहे. काम आहे. पण ओवीनं नोकरीचं विचारलेलंच नाही, हे काकांच्या नजरेस आणून देतो.

सई_सोल

ओवी, मी सोलमध्ये आधुनिक कोरियन साहित्यात पीएचडी करतेय, एमएही इथलंच. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. डिपार्टमेंटं लहान असतात, सगळे सगळ्यांना ओळखतात.

आधी एक लक्षात घे. इथं ज्याला गुंगमुनग्वा म्हणतात तो कोरियन भाषा-साहित्याचा विभाग परदेशी मुलांसाठी काढलेला नाही, तो कोरियन मुलांचा आहे. आपल्याकडच्या एखाद्या मराठी विभागात कोरियन मुलगी एमएला येऊन बसली, तर तिच्यासाठी कुणी ज्ञानेश्वरीचा पेपर सोपा काढणार नाही. तसंच तुझं होणार. 'फॉरेनर आहे, चालवून घेऊ' हे पहिले दोन आठवडे.

विभागात तीन शाखा: भाषाशास्त्र, जुनं साहित्य आणि आधुनिक साहित्य. बहुतेक ठिकाणी अर्जातच शाखा लिहावी लागते आणि मार्गदर्शक प्राध्यापक त्यावरूनच ठरतात. तेव्हा 'तिकडे जाऊन बघू' असं करू नकोस. अभ्यासाच्या आराखड्यात 'मला कोरियन संस्कृतीची आवड आहे' छाप मजकूर गेला, तर तो वाचणाऱ्यानं तसे शंभर वाचलेले असतात. कुठला काळ, कुठले लेखक, कुठला प्रश्न, हे लिही.

क्रेडिट: एमएला बहुतेक विद्यापीठांत २४, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे आठ विषय. पीएचडीला त्याच्या वर साधारण ३६. ऐकायला काहीच नाही वाटत. पण एक विषय म्हणजे आठवड्याला तीन तासांचा सेमिनार, खोलीत आठ-दहा माणसं, आणि दर वेळी कुणा एकाची 'बालजे'. ज्याची पाळी असेल त्यानं त्या आठवड्याची कादंबरी, तिच्यावरचे चार-पाच शोधनिबंध वाचून दहा-पंधरा पानी टिपण लिहायचं, स्टेपल मारून सगळ्यांना वाटायचं, आणि वाचून दाखवायचं. मग बाकीचे सालं काढतात. अतिशय आदरार्थी क्रियापदं वापरून काढतात, पण काढतात. माझ्या पहिल्या बालजेनंतर एक सीनियर हळूच म्हणाला, 'तुमचं म्हणणं मी नीट समजू शकलो नाही, हा माझाच दोष असावा.' त्याचा खरा अर्थ कळायला मला सेमिस्टर संपावी लागली.

बीए दुसऱ्या विषयातलं असेल तर बऱ्याच ठिकाणी 'सोनसु ग्वामोक' लागतात. म्हणजे पदवीच्या वर्गात मुलांबरोबर बसून काही मूळ विषय करायचे. हे सहसा २४ मध्ये धरत नाहीत. तुला हे लागेल असं गृहीत धर.

परीक्षा आणि प्रबंधाचं उद्या लिहिते, आता लायब्ररी बंद होतेय.

झुरळ्या

'हा माझाच दोष असावा' हे मी उद्यापासून ऑफिसात वापरणार आहे.

मोडीप्रेमी

सई, प्रतिसाद फार आवडला. वाखु (वाचनखूण) साठवली. एक शंका: तिथं जुनं साहित्य म्हणजे किती जुनं? आणि लिपी तीच का? आमच्याकडे शिवकालीन कागद वाचायचा तर मोडी शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. एमए मराठी झालेल्यांना मोडीचं अक्षर ओळखता येत नाही हे माझं जुनं दुखणं आहे. (हो, माहितेय, धागा हायजॅक करू नये.)

सई_सोल

मोडीप्रेमी, तुमचं दुखणं इथं रोजचं आहे.

हांगुल लिपी सेजोंग राजानं १४४३ मध्ये तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली. त्याच्या आधीचं जे आहे ते चिनी अक्षरांत. ह्यांग्गा नावाची फार जुनी गाणी आहेत, उरल्यात जेमतेम २५. भाषा कोरियन, अक्षरं चिनी. काही अक्षरं अर्थासाठी घेतलेली, काही नुसत्या उच्चारासाठी. कुठलं कशासाठी, यावर विद्वानांची अजून जुंपते. एखाद्या ओळीचे चार अभ्यासकांनी चार अर्थ लावलेले असतात आणि परीक्षेत चारही लिहायचे असतात.

हांगुल आल्यानंतरही सुटका नाही. पंधराव्या शतकातल्या पुस्तकांत आज नसलेली अक्षरं आहेत, अक्षराच्या डाव्या बाजूला सुरांचे ठिपके आहेत. भाषाशास्त्र शाखेत मध्ययुगीन कोरियनच्या व्याकरणाला पर्यायच नाही. जुन्या साहित्यवाल्यांना हानमुन, म्हणजे अभिजात चिनीतलं लेखन, वाचता यावंच लागतं, कारण जोसोन राजवटीच्या काळातल्या शिकलेल्या माणसांचं बरंच लिखाण त्यातच आहे.

आणि आधुनिकवाल्यांनी हसू नये. शब्दलेखनाचे एकसारखे नियम आले १९३३ मध्ये. त्याआधीची कादंबरी मूळ छापील रूपात वाचायला घेतली की ओळखीचा शब्दही अनोळखी दिसतो. वर मधेमधे हांजा म्हणजे चिनी अक्षरं, ओळी वरून खाली, सुरुवात उजवीकडून. शाळांसाठी ठरवलेली १८०० हांजा चिन्हं आहेत. तेवढी तरी तोंडओळख करून ये. टोपिक ६ वाली मुलंसुद्धा इथं अडकतात, कारण टोपिकमध्ये हांजा येतच नाही.

अयोध्यावासी

ह्यांग्गा ज्यात आहेत त्या 'सामगुक युसा' या ग्रंथातच आपल्या अयोध्येच्या राजकन्येची कथा आहे. राजा सुरोची राणी. कोरियातले लाखो किम तिचे वंशज! कोरियन आणि तमिळमध्ये अम्मा-अप्पा सारखेच आहेत. हा अभ्यासक्रमात शिकवतात की नाही?

चिकित्सक_दादा

ग्रंथ तेराव्या शतकातला आहे आणि सांगतो पहिल्या शतकातली गोष्ट. त्यात नाव 'आयुता' असं आहे. ती अयोध्याच, हा नंतरचा तर्क. अयोध्येत २००१ पासून राणीचं स्मारक आहे, किमहेच्या किम घराण्याची श्रद्धाही खरी आहे, ते सगळं मान्य. पण श्रद्धा वेगळी आणि पुरावा वेगळा. अम्मा-अप्पा जगातल्या निम्म्या भाषांत सापडतील, बाळांना ओठांनी काढायला सोपे आवाज तेच असतात.

अयोध्यावासी

म्हणजे तुमचं सगळं नाकारायचंच ठरलेलं.

चिकित्सक_दादा

असो.

सई_सोल

दोघांनाही: सेमिनारमध्ये हा विषय निघाला की प्राध्यापक माझ्याकडे बघतात. मी वहीकडे बघते.

परदेशस्थ_पाटील

अमेरिकेतली बाजू मांडतो. मी जपानी इतिहासवाला, पण विभाग एकच असल्यानं कोरियनवाल्यांचे हाल शेजारून पाहिलेत.

इथं कोरियन साहित्याचा स्वतंत्र विभाग सहसा नसतो, पूर्व आशियाई भाषांच्या विभागात एक कोपरा असतो. हवाई विद्यापीठात, मनोआला, त्यातल्या त्यात मोठा पसारा आहे, कोरियन अभ्यासाचं केंद्रच १९७२ पासूनचं. प्रबंध इंग्रजीत, ही सोय. पण पीएचडीला कोरियनशिवाय आणखी एक आशियाई भाषा वाचता यावी लागते, बहुधा जपानी नाहीतर अभिजात चिनी. त्याला कारण आहे: १९१० ते १९४५ कोरियावर जपानी राज्य होतं, सरकारी कागद जपानीत, आणि बऱ्याच लेखकांनी जपानीतही लिहिलं. ते न वाचता त्या काळावर प्रबंध लिहिता येत नाही.

पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर पगार, बदल्यात सकाळी आठ वाजता पहिल्या वर्षाच्या पोरांना हांगुल शिकवायचं. नुसत्या एमएला मात्र पैसे फारसे कुणी देत नाही. ओवीचं गणित सोलचंच बरं बसेल असं मला वाटतं.

अबोली

आले. पेठेकर काका, २०२४ चं नोबेल मिळालं त्या हान कांग योनसे विद्यापीठात कोरियन साहित्यच शिकल्या. रविवारी नाही.

शिरीष_पेठेकर

अबोलीताई, एका नोबेलमागे किती जण उपाशी, तेही सांगा.

सई_सोल

काकांचं हे चूक नाही. कोरियातच या विभागाला 'उपाशी डिपार्टमेंट' म्हणून चिडवतात. पोरं स्वतःच स्वतःला चिडवतात. सोलबाहेरच्या काही विद्यापीठांनी हे विभाग दुसऱ्या विभागांत विलीन करून टाकलेत, कारण एकूण विद्यार्थीच कमी होत चाललेत. त्यामुळे गंमत अशी झालीय की काही पदव्युत्तर वर्गांत परदेशी मुलं भरपूर दिसतात, त्यातही चिनी.

पण 'भाषा येते ना, मग साहित्य कशाला' हे मला पटत नाही. भाषा येणं आणि ती भाषा कुणी, कधी, कशासाठी अशी लिहिली ते कळणं, यांत अंतर आहे. ओवीला दुसरं हवं असेल तर ते रविवारी होत नाही.

तारा_के

थांबा थांबा. ओवी, तू नक्की कुठल्या विभागात अर्ज करतेयस ते आधी बघ. नावं सारखी दिसतात आणि लोक फसतात. गुंगमुनग्वा एक. परदेशी लोकांना कोरियन शिकवण्याचं शिक्षण, तो विभाग वेगळा. कोरियन अभ्यास, ज्यात इतिहास-समाज-राजकारण सगळं येतं, तो तिसरा, आणि तिथं काही ठिकाणी इंग्रजीतून शिकवतात. भाषांतर-दुभाषेगिरीची शाळा चौथी, हानकुक परदेशी भाषा विद्यापीठाची त्यात जुनी.

मी दुसरं केलं, शिकवण्याचं. तिथं हांजा आणि सुरांचे ठिपके कमी, पाठ काढणं, चाचण्या तयार करणं, उच्चारदोष, प्रत्यक्ष वर्गावरचा सराव हे जास्त. कोरियन सरकारचं भाषाशिक्षकाचं प्रमाणपत्र असतं, त्याची दुसरी श्रेणी या पदवीवर मिळते, पण परदेशी माणसाला त्यासाठी टोपिक ६ लागतं. माझ्या बॅचमधल्या दोघींनी पदवी घेतली आणि लेव्हल ६ न आल्यामुळे प्रमाणपत्र अडकून राहिलं.

नोकरीच्या दृष्टीनं मला हे व्यवहारी वाटतं. साहित्यप्रेमींनी दगड मारावेत.

सई_सोल

दगड नाही. पण ओवीनं साहित्य म्हटलंय.

तारा_के

तिनं 'भाषा आणि साहित्य' म्हटलंय. :)

ओवी_मिरज

बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. ताराताई, मी खरंच तो फरक बघितला नव्हता, दोन्ही विभागांचे अभ्यासक्रम उघडून बसलेय. मला कादंबऱ्याच वाचायच्यात, त्यातही दोन युद्धांच्या मधल्या काळातल्या. इंग्रजीच्या आधुनिकतावादी लेखकांवर बीएला प्रोजेक्ट केला होता, तेव्हा कळलं की सोलमध्येही १९३० च्या आसपास तसंच काही चाललं होतं. तिथून हे वेड लागलं.

पैशाचं: जीकेएस शिष्यवृत्तीला मागच्या पदवीत ८० टक्के मागतात. इंग्रजी साहित्यात ८० टक्के कोण देतं हो? आमच्या वर्गात पहिली आलेलीला ६८ होते.

झुरळ्या

आमच्या सरांचं ठाम मत होतं की १०० पैकी ७० च्या वर फक्त लेखक स्वतः घेऊ शकतो, आणि तो वारलाय.

जुना_जेएनयूकर

जीकेएसबद्दल. कोरियन सरकारची शिष्यवृत्ती: वर्षभर भाषा, मग दोन वर्षं एमए, किंवा तीन वर्षं पीएचडी. फी, विमानभाडं, दरमहा भत्ता. वय ४० च्या आत. दोन वाटा: दूतावासामार्फत गेलात तर तीन विद्यापीठं निवडता येतात, थेट विद्यापीठामार्फत गेलात तर एकच. भाषेच्या वर्षात किमान टोपिक ३ काढावी लागते. ५ किंवा ६ आधीच असेल तर ते वर्ष वगळून सरळ पदवीला. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. टक्क्यांच्या अटीत बसत नसलीस तर तिथंच थांबू नकोस, अनेक विद्यापीठं टोपिकची लेव्हल बघून परदेशी मुलांना फीमध्ये स्वतःची सवलत देतात. सोंगनामला अकॅडमी ऑफ कोरियन स्टडीज आहे, तिथं राजघराण्याचा ग्रंथसंग्रह जांगसोगाक आहे, जुन्या साहित्यवाल्यांना ती पर्वणी.

आता माझं मत. आधी दिल्लीत ये. जेएनयूत कोरियनचं बीए, एमए, पीएचडी सगळं आहे. फी नगण्य. सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि एमएला कोरियन यावी लागते, ती तुला येते. दोन वर्षं इथं भाषा घट्ट कर, मग पीएचडीला सोल. एमएलाच तिकडे जाऊन त्या बालज्यांत गटांगळ्या कशाला खायच्या?

सई_सोल

जेएनयूकर, इथं मी असहमत. एमए दिल्लीत करून थेट पीएचडीला आलेले दोघे-तिघे माहीत आहेत. त्यांची भाषा माझ्यापेक्षा चांगली होती. पण एमएच्या दोन वर्षांत इथं जे होतं, कुणाबरोबर वाचायचं, कुठला वाद कुणाचा, टिपण कसं लिहायचं, ते त्यांना पीएचडीच्या पहिल्या वर्षात ३६ क्रेडिट सांभाळत शिकावं लागलं. गटांगळ्या चुकत नाहीत, पुढे ढकलल्या जातात.

जुना_जेएनयूकर

शक्य आहे. पण कर्ज काढून गटांगळ्या खाणं वेगळं आणि ढाब्यावर चहा पीत खाणं वेगळं.

आणि परत येऊन शिकवायचा विचार असेल तर हेही बघ: नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या विषयांच्या यादीत जपानी आहे, चिनी आहे, कोरियन नाही. म्हणजे सहायक प्राध्यापक व्हायचं तर पीएचडीच हवी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे परदेशी पीएचडी जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मधल्या विद्यापीठाची असेल तर नेटशिवाय चालते. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांत कोरियनचं नाव आहे. शिक्षक कुठून आणायचे ते धोरणात नाही.

शिरीष_पेठेकर

हे मी पहिल्या प्रतिसादात म्हणत होतो तेच झालं की.

अबोली

नाही काका, तुम्ही म्हणत होता जाऊ नको. ते म्हणतायत पीएचडीपर्यंत जा.

लेकीची_आई

विषयाला सोडून विचारते. माझी मुलगी नववीत आहे, भिंतीवर सात मुलांचे फोटो आहेत, आणि मला 'ओम्मा' म्हणते. काळजीचं कारण आहे का?

झुरळ्या

ताई, १८०० हांजा चिन्हं दाखवा. एक तर पोस्टर उतरेल नाहीतर पीएचडी होईल.

ओवी_मिरज

लेकीची_आई, :)))

सईताई, परीक्षांचं राहिलं. आणि प्रबंधाचं.

सई_सोल

हो, राहिलंच. बस निवांत.

प्रबंध सादर करण्याआधी दोन अडथळे. एक, परदेशी भाषेची परीक्षा. कोरियन मुलांना ती बहुधा इंग्रजीची. परदेशी मुलांचं विद्यापीठागणिक वेगळं: कुठं इंग्रजीच, कुठं कोरियनची चाचणी किंवा वरची टोपिक लेव्हल दाखवली की सुटका. हे विभागाच्या ऑफिसात फोन करून विचार. साइटवर असतं पण जुनं असतं. आपल्याला इंग्रजीचा कागद अवघड नसतो, पण काही ठिकाणी भाषांतर कोरियनमध्ये करायचं असतं, तेव्हा घाम फुटतो.

दुसरी, 'जोंगहाप शिहोम', सगळ्या विषयांची एकत्र परीक्षा. ठरलेली क्रेडिट झाल्यावर बसता येतं. आपल्या शाखेचे दोन-तीन पेपर, हातानं लिहायचे. टोपिकच्या ५४ व्या प्रश्नाचा ६०० ते ७०० अक्षरांचा निबंध आठवतो? चौकोनाचौकोनात लिहायचा, किती झालं ते आपोआप दिसतं. इथं कोरा कागद आणि 'अमुक दशकातल्या वास्तववादाच्या वादाची मांडणी करा' असं एका ओळीत. आम्ही जुने प्रश्न गोळा करून सीनियरांकडून उत्तरांचे मुद्दे घेतले होते. सगळेच घेतात.

प्रबंध कोरियनमध्ये, गुंगमुनग्वात तरी दुसरा पर्याय धरून चालू नकोस. इंग्रजीत फक्त शेवटचा सारांश. आधी विभागासमोर आराखडा वाचायचा, तिथं निम्मे विषय बदलतात. मग लेखन, साहित्यचोरी तपासणारं सॉफ्टवेअर, कॉपीकिलर नाव त्याचं...

झुरळ्या

कॉपीकिलर! यावर कोरियन सिरियल येऊन गेली नसेल तर मी लिहितो. पहिल्या भागात मार्गदर्शकाचा खून.

सई_सोल

...आणि शेवटी परीक्षक मंडळ. एमएला तीन जण, पीएचडीला पाच. तोंडी परीक्षेत पास केलं तरी दुरुस्त्या देतातच. त्या झाल्या की मान्यतेच्या पानावर प्रत्येकाचा शिक्का घेत फिरायचं. एक सर सुट्टीवर गेले होते, शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद आणि छापखान्याची तारीख उद्याची. त्या दिवशी मी साहित्याविषयी जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

भाषा तपासून देणारं कोणीतरी लागतंच. पैसे देऊन तपासणारे मिळतात, पण ते वाक्य गुळगुळीत करतात आणि त्यात तुझा मुद्दाही घासून टाकतात. त्यापेक्षा बरोबरीच्या मैत्रिणीशी अदलाबदल कर. मी एकीचे इंग्रजी सारांश लिहायचे, ती माझे प्रत्यय सुधारायची.

पीएचडीला हे सगळं परत, शिवाय अनेक विभागांत केसीआय या कोरियातल्या मान्य संशोधन-नियतकालिकांच्या यादीतल्या अंकांत लेख छापून आलेले लागतात, तेव्हाच प्रबंध घेतात. वेळ तिथंच जातो.

टोपिक ४ वर निभेल का, याचं माझं उत्तर: प्रवेशाला हो, पहिल्या सेमिस्टरला नाही. ५ घेऊन ये. आणि त्याहून उपयोगी एक काम सांगते. नेव्हर या कोरियन सर्च साइटवर जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह फुकट आहे, १९२० पासूनची पानं. तुझ्या १९३० च्या काळातली एखादी क्रमशः कादंबरी शोध आणि एक भाग मूळ पानावर वाच, आजच्या लेखनात बदलून दिलेला मजकूर न बघता. शेजारी प्रमाण कोरियन शब्दकोश उघडून ठेव, तोही ऑनलाइन फुकट आहे. दुसऱ्या दिवशी पुढचा भाग वाचावासा वाटला तर अर्ज कर. नाही वाटला तर ताराचा विभाग चांगला आहे, खरंच.

तारा_के

'नाही वाटला तर' बद्दल निषेध नोंदवून ठेवते. बाकी सल्ला उत्तम.

मोडीप्रेमी

हा संग्रह मी उघडून बसलोय. एक अक्षर कळत नाही, पण १९३४ च्या जाहिराती काय सुंदर आहेत!

ओवी_मिरज

वाचायला घेतलं. रात्री अकराला बसले, पाऊणपर्यंत अर्धा स्तंभ झाला. शब्दांमधली मोकळी जागा कुठं सोडायची याचं त्यांचं काही ठरलेलं दिसत नाही. एक हांजा तर ओळीत तीनदा आलाय आणि तो कसा शोधायचा तेच कळेना, कारण उच्चार माहीत असल्याशिवाय टाइप कसा करणार?

सई_सोल

शब्दकोशात बोटानं किंवा माउसनं काढायची सोय असते, चौकोनात ढोबळ काढलंस तरी ओळखतो. रेषा वरून खाली, डावीकडून उजवीकडे. तरी नाही सापडला तर पानाचा फोटो इथं टाक.

रांजणगावकर

एक व्यवहाराचं राहिलं, कुणी लिहिलं नाही. पदवीच्या कागदांना अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन, लागतं. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. दोन्ही देश हेग करारात आहेत, त्यामुळे पुढे दूतावासाचा शिक्का लागत नाही. विद्यापीठाकडून मूळ पदवी प्रमाणपत्र अजून आलं नसेल तर आजच अर्ज टाक. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी परत पाठवतात, आणि फेब्रुवारीत धावपळ करायला वेळ मिळत नाही.

ओवी_मिरज

मूळ प्रमाणपत्र मिरजेला कपाटात आहे. ते आणायला जायचं म्हणजे... बरं. शनिवारी जाते. सईताई, फोटो टाकलाय, डावीकडून चौथा स्तंभ, वरून सहावं अक्षर.

सई_सोल

उजवीकडून मोज गं. तो 'रस्ता' आहे.